तीन फुटी टाकीत कोण कोणाबरोबर नांदेल?

प्रश्न : दिवाळीत मुलीसाठी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी फिश टँक घेतली. दुकानात म्हणाले, ‘सगळे मिक्समध्ये चालतात.’ म्हणून तीन गोल्ड फिश (दोन डोक्यावर टोपी असलेले, एक लांबट), दोन एंजल, चार टायगर बार्ब, चार गप्पी, सहा निऑन, दोन शार्क आणि काच साफ ठेवायला एक सकर आणला. हीटर २६ वर आहे. दीड महिन्यात निऑन दोनच उरले, पण मेलेला एकही दिसला नाही. गप्प्यांच्या शेपट्या कुरतडल्यात, एंजलच्या खालच्या मिशा तुटल्यात, टोपीवाल्या एका गोल्ड फिशच्या अंगावर लाल चट्टा आलाय. शार्क मध्येच काचेवर धडका मारतात. यात गुन्हेगार कोण? कुणाला ठेवू, कुणाला काढू? टोपीवाल्याचं नाव लेकीने ‘लाडू’ ठेवलंय, तो गेलेला तिला चालणार नाही. माळ्यावर जुनी दोन फुटी टाकी पडून आहे. घरात नळाचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी आहे. जास्तीचे मासे रंकाळ्यात सोडले तर चालतील का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते काम एखाद्या संध्याकाळी घाईत उरकलं जाण्याची भीती आहे. रंकाळ्यात एकही मासा सोडू नका. का, ते खाली लिहिलंय.

तुमच्या टाकीत गुन्हेगार एक नाही. पत्रात चार खुणा आहेत आणि प्रत्येक खूण वेगळ्या माशाची आहे.

निऑन गेले ते बहुतेक एंजलच्या पोटात. आधी स्टँडच्या मागची फरशी तेवढी बघून घ्या. झाकण नसलेल्या टाकीतून उडी मारलेला निऑन वाळून काडीसारखा होतो आणि केरात निघून जातो. तिथे काही सापडलं नाही, तर एंजलवर लक्ष ठेवा. तो चपटा, संथ आणि देखणा, म्हणून गरीब वाटतो. पण तो सिक्लिड कुळातला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला शिकारी मासा आहे. दिवा मालवण्याआधी दहा मिनिटं टाकीसमोर शांत बसा. शिकारीवर असलेला एंजल पोहत नाही, सरकतो. अंग किंचित पुढे झुकवून निऑनच्या दिशेने बोटभर येतो, थबकतो, पुन्हा बोटभर येतो, आणि मग एकाच झटक्यात त्याचं तोंड पुढे निघतं. निऑन साडेतीन सेंटिमीटर लांब असला तरी जाडीला पेन्सिलीएवढाही नसतो, त्यामुळे तो आरामात आत जातो. पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या एंजलबरोबर निऑन सुखाने राहतात. एंजल वाटीएवढा झाला की तेच निऑन त्याचं खाणं होतात. दुकानात ही दोन्ही पिल्लं एका टाकीत दिसतात आणि फसगत तिथेच होते.

शेपट्या आणि मिशा हे टायगर बार्बचं काम. बार्ब समोरून भांडायला येत नाही. मागून, थोडा खालून येतो, लोंबणाऱ्या पराला टचकन चावतो आणि दगडाआड पळतो. गप्पीची शेपूट नीट पाहा. चाव्याची कड स्वच्छ असते, बिस्किटाचा घास घेतल्यासारखी. पर सडण्याचा आजार असेल तर कड पांढुरकी किंवा लालसर आणि झिरझिरीत दिसते. स्वच्छ कडेवर औषधाची गरज नाही. बार्ब बाजूला गेले आणि पाणी स्वच्छ राहिलं की शेपूट पुन्हा येते. नवीन भाग आधी काचेसारखा पारदर्शक दिसतो, रंग नंतर भरतो. तो पारदर्शक पट्टा बघून बुरशी समजू नका.

लाडूच्या अंगावरच्या चट्ट्यासाठी संशय सकरवर. सकर फक्त काच चाटून जगतो हा समज खोटा आहे. दीड महिन्यांच्या नव्या टाकीत त्याला पुरेल एवढं शेवाळच नसतं. मग रात्री, गोल्ड फिश तळाशी स्वस्थ झालेला असताना, हा त्याच्या रुंद कुशीला चिकटतो आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. तो थर म्हणजे माशाची कातडी जपणारं अस्तर. ते गेलं की जंतूंना वाट मोकळी होते. दिवा घालवल्यावर दोन तासांनी, मोबाइलच्या उजेडावर लाल कागद धरून टाकीत डोकावलात तर बहुधा प्रत्यक्षच दिसेल.

‘शार्क’ हा शार्क नव्हेच. करडा, चमकदार, बारीक मिशांचा तो मासा म्हणजे पंगास. मूळचा आग्नेय आशियातल्या मेकाँगसारख्या मोठ्या नद्यांचा. तिथे तो मीटरभराच्या पुढे वाढतो आणि आपल्याकडेही खाण्यासाठी तळ्यांत वाढवून बाजारात विकला जातो. नजर कमजोर, स्वभाव बिचकट. कुणी दार आपटलं तरी सुसाट सुटतो, आणि तीन फुटांवर काच आहे हे त्याला कळत नाही. घरच्या कुठल्याही टाकीत तो शोभत नाही. तुमच्या धडकांचं कारण एवढंच आहे, आजार नाही.

आता ‘मिक्समध्ये चालतात’ या वाक्याकडे येऊ. कोल्हापुरात कुस्तीची जोड लावताना पैलवानाचं वजन आणि तयारी बघतात, ‘तो शांत आहे, चालेल’ असं कुणी म्हणत नाही. माशांची जोड लावतानाही स्वभाव शेवटी येतो. आधी बघायचं पाणी, मग तोंड, मग पर, मग संख्या.

पाण्यात पहिली बाब तापमान. गोल्ड फिशला १८ ते २२ अंश मानवतं, एंजलला २५ ते २८. हीटर २६ वर ठेवून तुम्ही एंजलची सोय केलीत आणि लाडूची गैरसोय. गरम पाण्यात गोल्ड फिशच्या शरीराचा वेग वाढतो, त्याला जास्त प्राणवायू लागतो, आणि नेमका तोच गरम पाण्यात कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्याकडे तो आकडा आणखी थोडा खाली. शिवाय गोल्ड फिश भरपूर खातो आणि भरपूर घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया जितकं पाणी गरम तितका जास्त विषारी. गोल्ड फिश आणि एंजल एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत तरी एका टाकीत दोघांपैकी एकाचं पाणी नेहमी चुकीचंच असणार. अशी जोडी भांडण न होता हळूहळू आजारी पडते, म्हणून ती चूक लवकर लक्षात येत नाही.

दुसरी बाब पाण्याचा जडपणा. गप्पी, मॉली, प्लॅटी ही पिल्लं घालणारी मंडळी जड पाण्यात खुलतात. निऑन हा ॲमेझॉनच्या हलक्या, किंचित आंबट पाण्याचा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. घरच्या घरी पाहायचं असेल तर दोन सारख्या बाटल्यांत अर्धी अर्धी बाटली नळाचं आणि बोअरचं पाणी घ्या, दोन्हींत साबणाच्या चुऱ्याची एक एक चिमूट टाका आणि सारखं हलवा. फेस कमी आणि वर पांढरट साय, ते पाणी जड. आकडा हवा असेल तर जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात. टाकीत शोभेला दगड घातले असतील तर त्यांच्यावर व्हिनेगरचे दोनचार थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर त्या दगडात चुना आहे आणि तो पाणी जड करत राहणार. नदीतला साधा काळा दगड बहुधा शांत राहतो. शिंपले आणि संगमरवराचे तुकडे मात्र फसफसतात.

तोंडाचा नियम सोपा आहे. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या तिथे जातो. यात आजचा आकार धरू नका, पूर्ण वाढीचा धरा. एंजल अंगाने १५ सेंटिमीटर आणि परांसकट उंचीला त्याहून जास्त. टोपीवाला ओरांडा १५ ते २०. तुमचा लांबट गोल्ड फिश म्हणजे कॉमेट, तो ३० पर्यंत जातो. दुकानात बोटभर मिळणारा सकर ४० ते ५०. टायगर बार्ब मात्र सहा-सात सेंटिमीटरवर थांबतो.

संख्येची गोष्ट थोडी विस्ताराने लिहितो, कारण निम्मी भांडणं त्यातून होतात आणि इलाज नेमका उलटा केला जातो. टायगर बार्ब थव्याने राहणारा मासा. थव्यात वरचा कोण, खालचा कोण हे ठरवायला ते दिवसभर एकमेकांना ढोसतात, पाठलाग करतात. दहा जण असले की हा मार दहा जणांत वाटला जातो आणि कुणालाच फारसा लागत नाही. चारच असले की सगळ्यांत दुबळ्याचा जीव जातो, आणि उरलेली खुमखुमी शेजारच्या लांब परांवर निघते. लोक काय करतात, तर बार्ब चावतात म्हणून चारातले दोन काढून टाकतात. उरलेले दोन आणखी चावरे होतात. टायगर बार्ब ठेवायचेच असतील तर आठ ते दहा ठेवा, आणि तरीसुद्धा गप्पी, एंजल, फायटर, लांब पिसाऱ्याची गोरामी यांच्यासोबत ठेवू नका. संख्या वाढल्याने खोड कमी होते, जात नाही. निऑन आणि कोरी (तळाशी राहणारा छोटा, मिशीवाला मासा) यांनाही घोळका लागतो, किमान सहा. त्यांचं उलट असतं, एकटे पडले की ते कुणाला चावत नाहीत, भिऊन कोपऱ्यात बसतात आणि खाणं सोडतात.

थरांचा विचारही करतात. डॅनिओ वर, टेट्रा मध्ये, कोरी तळाशी, म्हणजे गर्दी वाटली जाते. तो उपयोगी आहे, पण वरच्या चारही गोष्टी जुळल्यानंतर.

आता तुमचा निकाल. लाडू जाणार नसेल तर तीन फुटी टाकी लाडूचीच. टाकीत खरं पाणी किती ते मोजू. लांबी ९१ सेंटिमीटर, रुंदी ३०, आणि वाळू व वरची मोकळी जागा सोडून पाण्याची उंची ३६ धरली, तर तिन्हींचा गुणाकार भागिले १०००, म्हणजे साधारण ९८ लिटर. यात दोन ओरांडा नीट वाढतील. कॉमेट नको. तो सडपातळ आणि चपळ, ओरांडा खाण्यापर्यंत पोहोचायच्या आत त्याने फस्त केलेलं असतं, आणि त्याला पुढेमागे हौदच लागणार. कुणाच्या बंगल्यात सिमेंटचं कमळकुंड असेल तर तिथे तो छान राहील. लाडूच्या टाकीत तिसरं काय घालू, हा प्रश्न पुढच्या महिन्यात येईलच. काहीही घालू नका.

दुसऱ्या, दोन फुटी टाकीत गप्पी. ६० बाय ३० बाय २५ पाणी धरलं तर ४५ लिटर. घरात बोअरचं पाणी आहेच, ते जड निघालं तर गप्प्यांसाठी उत्तम. उरलेले दोन निऑन दुकानातल्या घोळक्यात परत गेलेले बरे. निऑनच हवे असतील तर नळाचं पाणी वापरा, गप्पी परत द्या, टाकी सहा आठवडे मुरू द्या आणि मग एकदम दहा आणा. आमचा कौल गप्प्यांना आहे. निऑन नव्या टाकीत नाजूक ठरतात, आणि गप्पीची पिल्लं पाण्याच्या झाडात लपलेली शोधणं हा मुलांसाठी महिनाभराचा उद्योग असतो. फक्त नर-मादी बघून घ्या. मोठी रंगीत शेपूट नराची, फिकट आणि पोटाने गोल ती मादी. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवतात. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं घालते, आणि एकदा नराजवळ राहिलेली मादी नंतर कित्येक महिने नराशिवायही व्यायते. एवढी पिल्लं नको असतील तर सात-आठ नरच ठेवा.

एंजल, बार्ब, पंगास आणि सकर परत जातील. एंजल देखणे आहेत हे खरं, तरीही.

हे सगळं एका दिवसात करू नका. क्रम असा ठेवा.

आज संध्याकाळीच टायगर बार्ब वेगळे करा. दुकानात न्यायला वेळ लागणार असेल तर टाकीत जाळीची आडभिंत घाला. स्टेशनरीच्या दुकानात फाइलला लावायच्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्या मिळतात. त्या दोन्ही काचांना रबरी सक्शनने उभ्या बसवा आणि त्यांत कडक प्लास्टिकची जाळी कापून सरकवा. जाळीची खालची कड वाळूत दोन बोटं रुतवा, नाहीतर बार्ब खालून येतात. भोक पाच मिलिमीटरपेक्षा मोठं नको. हीटर एका बाजूला आणि फिल्टर दुसऱ्या बाजूला पडला तरी जाळीतून पाणी फिरतं, पण आठवडाभरापेक्षा जास्त या सोयीवर राहू नका. सकरसाठी रात्री काकडीची चकती चमच्याला टोचून तळाशी सोडा, सकाळी काढा. पोट भरलं की तो लाडूला कमी त्रास देईल.

माळ्यावरची टाकी घरात लावण्याआधी गच्चीत वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरा आणि २४ तास तशीच राहू द्या. बरीच वर्षं कोरड्या पडलेल्या टाकीचं सिलिकॉन कोपऱ्यात सुटतं. कागद ओला दिसला तर आधी नवं सिलिकॉन. धुवायला जाडं मीठ आणि स्पंज वापरा, साबण नको, त्याचा अंश काचेला राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना बाधतो.

नव्या टाकीला तयार फिल्टर द्यायचा. मोठ्या टाकीच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज किंवा अर्धा कापूस, न धुता, काळपट मळासकट छोट्या फिल्टरमध्ये भरा. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या मळातच वस्तीला असतात. ते कोऱ्या टाकीत आपोआप वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. अर्धा स्पंज हलवलात तर ती वाट बरीच कमी होते. तुमची मोठी टाकी दीड महिन्याची आहे, म्हणजे तिच्यातही ही वस्ती आत्ताच बसतेय. म्हणून फिल्टर कधीही नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, बस. ‘स्वच्छ’ धुतलेल्या फिल्टरनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन हवा गिळायला लागतात, त्याचं कारण हेच.

गप्पी हलवताना पाण्याचा फरक अंगावर येऊ देऊ नका. डब्यात मोठ्या टाकीचं पाणी घेऊन त्यात मासे ठेवा आणि दर दहा मिनिटांनी नव्या टाकीचं एक कप पाणी घाला. नळावरून बोअरवर जात असाल तर तास-दीड तास लावा. छोट्या टाकीला ५० वॅटचा हीटर पुरतो, २५ वर. थंडीत आपल्याकडे रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो, तेव्हा तो लागेलच.

एंजल आणि बाकीचे गेल्यानंतरच मोठ्या टाकीचा हीटर रोज एक अंश खाली आणत २० पर्यंत न्या आणि मग काढून ठेवा. एकदम बंद केलात आणि रात्री पाणी पाच-सहा अंशांनी पडलं, की पांढऱ्या ठिपक्यांचा आजार दबा धरून असतोच. एप्रिल-मेमध्ये उलटी चिंता. तेव्हा झाकण काढून वर जाळी टाका, छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा आणि उडून गेलेलं पाणी रोज भरा. गोठवलेल्या बाटल्या टाकीत सोडायचा उपाय करू नका, तापमान झोके घेतं.

ओरांडासाठी फिल्टर ताशी ६०० ते ८०० लिटरचा लागेल, पण त्याचं तोंड काचेकडे वळवा. गोल अंगाचा मासा प्रवाहाशी झुंजून थकतो. खाणं बुडणारं द्या, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तरंगणारे दाणे खाताना तो हवाही गिळतो आणि मग उलटा-तिरका पोहायला लागतो. लाडूचा चट्टा बरा होईपर्यंत एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदला. चट्ट्यावर कापसासारखं पांढरं दिसलं किंवा लाली पसरत गेली, तरच औषधाचा विचार करा.

पहिले चार आठवडे लिक्विड टेस्ट किटने दोन्ही टाक्यांतलं अमोनिया आणि नायट्राइट दर दोन दिवसांनी बघा. दोन्ही शून्य हवेत. रंग चढलेला दिसला की त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला आणि एक वेळचं खाणं बंद. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवा. नळाचं पाणी पिंपात साठवून वापरत असाल तरी त्यात बाटलीवरच्या मात्रेने अँटी-क्लोरीन घालाच. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन वाढतं. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा मोठा बदल करण्याऐवजी दोनदा १५-१५ टक्के बदला.

हाच प्रश्न इतरांनाही पडतो, म्हणून ज्यांच्या घरी लाडू नाही त्यांच्यासाठी दोन जुळण्या. याच मापाच्या टाकीत एंजल हवे असतील तर दोन एंजल, आठ लेमन टेट्रा आणि तळाशी सहा कोरी, पाणी २६ वर. टेट्रा आधी सोडा, एंजल सगळ्यांत शेवटी आणि लहान आणा. जो जागा बळकावतो तो आधी आला तर टाकी त्याची होते. इथे वाळूचा थर पातळ ठेवा, पाण्याची उंची ४० सेंटिमीटरच्या खाली नको. दोघांची जोडी जमली तर फिल्टरच्या नळीवर अंडी घालतील आणि अर्धी टाकी अडवतील, तेव्हा आठवडाभर बाकीचे एका कोपऱ्यात दिसले तर घाबरू नका. कोरीसाठी बारीक गोल वाळू घ्या. धारदार खडीत तोंड खुपसून त्यांच्या मिशा झिजतात. टायगर बार्ब हवे असतील तर दहा बार्ब, आठ झेब्रा डॅनिओ आणि सकरच्या जागी एक ब्रिसलनोज, जो १२-१३ सेंटिमीटरवर थांबतो. डॅनिओ आपल्याच उपखंडातला, चपळ आणि आखूड परांचा, बार्बच्या तावडीत सापडत नाही.

नवीन मासा कुठलाही असो, तीन आठवडे वेगळ्या २० लिटरच्या टबात, स्पंज फिल्टरवर. दुकानात ज्या टाकीत एक जरी मासा मेलेला किंवा ठिपक्यांचा दिसला, त्या टाकीतलं काही घेऊ नका. आणि दुकानदाराला ‘हा चालेल का?’ विचारू नका. ‘हा पूर्ण वाढला की केवढा होतो?’ असं विचारा.

आता रंकाळा. आपल्या टाकीतला मासा तिथे मरेल ही एक शक्यता, जगेल ही जास्त वाईट. सकर दक्षिण अमेरिकेतला. देशात बऱ्याच नद्या-तलावांत तो असाच टाक्यांमधून पोहोचलाय आणि स्थिरावलाय. अंगावर हाडांची ढाल, म्हणून त्याला खाणारं फारसं कुणी नाही. काठाच्या मातीत तो बिळं करतो, जाळी फाडतो, आणि स्थानिक माशांचं खाणं आणि जागा घेतो. पंगासही मोठा खादाड. शिवाय दुकानातले जंतू पाण्यासोबत तळ्यात उतरतात. रंकाळ्याने जलपर्णी आणि सांडपाणी पुष्कळ सोसलंय, त्यात ही भर नको. पंचगंगेत किंवा कळंब्यातही नाही, आणि गप्पीसुद्धा नाही.

मासे ज्या दुकानातून आणले तिथे आधी फोन करा. पैसे मिळणार नाहीत, पण चांगल्या अवस्थेतले एंजल आणि बार्ब बहुतेक दुकानदार ठेवून घेतात, कधी बदल्यात खाद्य देतात. सकर आणि पंगास घ्यायला ते खळखळ करतील. त्यांच्यासाठी मोठ्या हौदाचा किंवा सहा फुटी टाकीचा मालक शोधा, दुकानदाराला असे लोक माहीत असतात. नेण्याच्या आदल्या दिवशी खाणं देऊ नका, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि प्रत्येक जात वेगळ्या पिशवीत. सकर आणि पंगास यांना जाळीने धरू नका. त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात, आणि सोडवताना परही फाटतो आणि आपलं बोटही. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा, हाताने हळूच मागून त्यांना आत वळवा, आणि डबा पाण्यासकट उचलून झाकणाच्या बादलीत ओता. या दोघांना पिशवी नको, काट्याने ती फुटते.